आडवेरावांचं नाव

दौलतरावांनी बायकोवर कधी हात उगारला नाही, हे मालेगावात सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याला माहीत नसेल त्याला दौलतराव स्वतः सांगतात. मालेगाव म्हणजे नाशकाकडचं मोठं मालेगाव नव्हे. आपलं वाशीम रोडवरचं, जहांगीरचं. तिथे दौलतरावांची ओलिताची जमीन आहे, रस्त्याला लागून सिमेंटचं घर आहे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात कंगवा आहे. दारू नाही, जुगार नाही, तोंडात शिवी नाही. आवाज तर असा मऊ, की गल्लीतल्या सासवा आपल्या लेकांना म्हणतात, बायकोशी बोलावं कसं ते दौलतभाऊकडून शिक. आपल्या बायकोला, प्रयागबाईला, ते ‘बाईसाहेब’ म्हणतात. अशा माणसाला कोणी वाईट म्हटलं तर म्हणणाराच वाईट ठरतो.

त्यांना एकच हौस होती. बायको दारात आली की ते चौकटीत उभे राहायचे, दोन्ही हात चौकटीला लावायचे आणि हसून म्हणायचे, “नाव घे.”

नव्या नवरीला दारात अडवतात, उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, ही घटकाभराची गंमत आपल्याकडे घरोघर होते. दौलतरावांनी ती गंमत लग्नानंतर तीसेक वर्षं चालू ठेवली. वावरातून डोक्यावर भारा घेऊन आली, नाव घे. अंगात ताप, गोळी त्यांच्या मुठीत, नाव घे. पाहुण्यांची जेवणं झाली, आता ही स्वतः पाट घेणार, नाव घे. उखाणा झाल्याशिवाय हात चौकटीवरून निघत नसत. घाई मात्र कधी करायचे नाहीत. माणूस भारी सोशिक. बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. “किती हौशी हायेत बाप्पा भाऊजी! आमचे तं नावानं हाकही मारत नाईत.”

वैष्णवी, त्यांची एकुलती एक लेक, चौथीत होती तेव्हा तिचा केनवडचा मामा विहिरीत पडून गेला. प्रयागबाई तेरावं आटोपून जीपनं परत आली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला, पायात चप्पल दुसऱ्याच कोणाची तरी. दौलतराव चौकटीत उभे होते. त्यांनी पिशवी हातातून घेतली, खाली ठेवली, आणि म्हणाले, “नाव घे.”

प्रयागबाई उभी राहिली. शेजारच्या रुखमाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या, त्यांनी सूप थांबवलं.  मग प्रयागबाईनं त्या बसलेल्या आवाजात घेतलं:

“दारी लावला झेंडू, अंगणात तुळस,
दौलतरावांचं नाव घ्यायले मले नाही आळस.”

रुखमाबाई हसल्या. त्यांचा तरी काय दोष, उखाणा हसण्याचाच होता. दौलतराव बाजूला झाले. प्रयागबाई आत गेली आणि माठापाशी उभ्यानंच पाणी प्यायली, आणि पोरगी दारातच राहिली, कारण तिला कळलं होतं की आत्ता काहीतरी भयंकर झालं आणि ते पाहून एक बाई हसली. ते तिच्या पोटात गेलं ते तिथेच राहिलं. मोठी झाल्यावर ती मनाशी म्हणायची, हे मी एकदा जगाला दाखवीन, आणि तेव्हा कोणी हसणार नाही.

पोरीचा हात चित्रकलेत चांगला होता. अमरावतीला ॲनिमेशन शिकली, मग पुण्यात एका स्टुडिओत लहान मुलांच्या गाण्यांसाठी भेंड्या आणि वांगी नाचवत बसली. भेंडीला भुवया देता देता तिची उमेद संपत आली होती, तेवढ्यात स्टुडिओच बंद पडला. ती कॉम्प्युटर आणि चित्रं काढायची पाटी घेऊन मालेगावला परत आली. लोक म्हणाले, आता हिचं लग्न करतील. तिनं केली वेब सिरीज. नाव ठेवलं ‘बारा दारांचं गाव’. जोडीला अमान होता, मोबाइलच्या दुकानवाल्या जब्बारभाईंचा मुलगा, आवाज आणि संगीत त्याचं. गावातल्या सगळ्या बायकांचे आवाज त्याची बहीण नमरा एकटी काढायची. म्हातारी म्हणा, नवी सून म्हणा, ती पोरगी घशातल्या घशात गल्ली उभी करायची. घराच्या मागच्या खोलीत सोयाबीनची पोती छतापर्यंत रचलेली असत. पोत्यांमुळे आवाज घुमत नसे, म्हणून रेकॉर्डिंग तिथेच व्हायचं.

खलनायक काढायला बसली तेव्हा वैष्णवीनं आधी तेच केलं जे सगळे करतात. मिशा काढल्या, डोळ्यांत लाल रेघा ओढल्या, कपाळाला आठ्या घातल्या. अमाननं चित्र पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “ताई, ये दिखा तो लोग दूर से ही भाग जाएंगे. इसके दरवाजे तक आएगा कौन?”

हे तिला पटलं. मग ती एकेक गोष्ट पुसत गेली. मिशा गेल्या, आठ्या गेल्या, लाल रेघा गेल्या. उरला तो स्वच्छ सदऱ्यातला, नीट भांग पाडलेला, नखं कापलेला माणूस, चेहऱ्यावर ‘या, बसा’ म्हणतानाचं हसू. नाव दिलं आडवेराव. आडवा उभा राहतो म्हणून आडवे, आणि मान तर मिळालाच पाहिजे म्हणून राव. खिशातला कंगवा रेखाटताना तिचा हात जरा थबकला, पण रेखाटला.

मग तिनं त्याला नियम घालून दिले. आडवेराव दाराबाहेर कधी दिसणार नाही. चालताना, बसलेला, जेवताना, कधीच नाही. दार आलं की तो त्यात असतो. एसटीचं असो, दवाखान्याचं असो की पिठाच्या गिरणीचं, दार रुंद तर तो रुंद आणि दार अरुंद तर तो अरुंद, पण बाजूनं बोट जाईल एवढी फट नाही. समोरची बाई नाव घेत असते तोवर त्याची पापणी हलत नाही. घेऊन झालं की डोळे एकदा मिटतात, दूध पिऊन झालेल्या मांजरासारखे. तो ओरडत नाही. आणि ज्या बाईनं त्याचं नाव घेतलं ती आत जाते खरी, पण स्वतःचं नाव विसरते. अशा एकेक करून गावातल्या सगळ्या बायका बिननावाच्या होतात, आणि शेवटच्या भागात एकटी माय उरते.

त्या मायचं काय होणार हे तिनं सगळ्यात आधी सांगितलं ते आईला. प्रयागबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“शेवटी ती नाव घेत नाही,” वैष्णवी म्हणाली. “नुसती उभी राहते. सकाळ होते, दुपार होते, ती उभीच. आणि आडवेराव वाट पाहून पाहून बारीक होत जातो. आधी काठीएवढा, मग फटीएवढा, मग किल्लीच्या भोकातून निघून जातो.”

प्रयागबाईचा हात थांबला. “नाईच घेत?”

“नाहीच घेत.”

“मंग आत कशी जाते?”

“कोण अडवणार तिला? चालत जाते.”

प्रयागबाईनं आधी घराच्या दाराकडे पाहिलं, कोणी नाही ना ते बघितलं, आणि मग हसली. तिचे वरचे दात वैष्णवीनं किती दिवसांनी पाहिले. त्या दिवसापासून ती एकच विचारायची. भाजी निवडता निवडता, कपडे वाळत घालता घालता, मध्येच: “ते शेवटचं हाये न तसंच?” आणि वैष्णवी म्हणायची, “आहे, आई.” दुसऱ्या कोणाजवळ ती याचं अक्षर बोलली नाही. लोक देवाला नवस बोलतात, प्रयागबाईनं तो कार्टूनला बोलून ठेवला होता.

आता आवाज. अमाननं स्वतः करून पाहिला, त्याचंच त्याला हसू आलं. वाशीमहून नवीन नावाचा एक नाटकवाला बोलावला. तो जत्रेत रावण करायचा. त्यानं ‘नाव घे’ म्हटलं आणि पोत्यांमागचे उंदीर बाहेर आले. वैष्णवीला राग नसलेला आवाज हवा होता, आणि तो कोणाचा ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. मनात दुसरंही एक होतं. माणसाला आरशासमोर उभं केलं तर तो एकदा तरी दचकेल, असा तिचा हिशोब.

दौलतराव इस्त्रीचा सदरा घालून आले. पोत्यांच्या मधोमध खुर्चीवर बसले, माइककडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, “नाव घे.” अमाननं कानावरचे हेडफोन काढून हातावरचे उभे राहिलेले केस चोळले. मग वैष्णवीनं पडद्यावर आडवेराव लावला. दौलतराव पुढे वाकले. सदरा पाहिला, भांग पाहिला, कंगवा पाहिला. वैष्णवी पडद्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

“हा तं मीच!” दौलतराव म्हणाले, आणि खिशातून कंगवा काढून केस सारखे केले. “अरे, काय हुबेहूब काढला पोरीनं! बाईसाहेब, या, पाहा!”

चौथीपासून जपून ठेवलेला तो क्षण असा गेला. आरसा दाखवला तर माणूस भांग पाडून मोकळा. बरं, रागवावं तरी कशावर? बाप लेकीचं कौतुक करत होता.

पहिला भाग वैष्णवीनं आपल्या मनासारखा केला. भावाचं तेरावं करून आलेली बाई, दार, आणि तो उखाणा. एकही विनोद नाही. तो जेमतेम ओळखीच्यांनी पाहिला, आणि एकानं खाली लिहिलं, झोप आली. ती दोन दिवस नीट जेवली नाही. दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डिंगला नमरा दारातल्या बाईचा आवाज काढत होती, “जाऊ द्या न, लेकरू रडून राह्यलं आत,” आणि कागदावर नसलेलं वाक्य दौलतराव आपल्या मनानं, मधासारख्या आवाजात बोलून गेले: “म्या कुठी अडवलं तुले, माय? दारच लहान हाये.”

अमान हसला. नमरा हसली. वैष्णवीलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच तिला आठवलं की हे वाक्य तिनं आधी ऐकलं आहे. आईला टायफॉइड झाला होता त्या उन्हाळ्यात, याच घरात, याच आवाजात. तिनं ते वाक्य काढून टाकायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. घरी बसून म्हणायला काय जातं. वाक्य चांगलं होतं. तिनं ते ठेवलं.

आणि सिरीज धावली. रिसोडपासून कारंज्यापर्यंत पोरांच्या मोबाइलवर तेच. ‘दारच लहान हाये’ लोकांच्या तोंडी बसलं. तिसऱ्या भागापासून वैष्णवी लिहायची कमी आणि बापाला बोलतं करायची जास्त. दौलतरावांची विहीर आटणारी नव्हती; तीस वर्षांचं साठलेलं पाणी होतं. ते एकेक काढून देत, आणि ती पारखून घेई: हे जरा लांबलं, हे इथे थांबून म्हणा बाबा, हे म्हणताना हसू नका, लोक हसतील. त्यातलं कुठलं वाक्य आईला कधी बोललं गेलं हे तिला बहुतेक वेळा ठाऊक असे. सुरुवातीला मान खाली जायची. पुढे पुढे तिचं लक्ष आवाजाच्या पातळीकडे असे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण दांडा बिचारा लाकडाचा असतो, त्याला कळत नसतं; हिला तर सगळं कळत होतं.

गावात दौलतरावांचा मान वाढला. लग्नात त्यांना मुद्दाम बोलावून मांडवाच्या दारात उभं करत, नवरीच्या सोबत सेल्फी घेत. घरी त्यांची हौसही वाढली. आधी मोठी दारं होती, आता न्हाणीघराचंही दार आलं, देवघराचंही आलं. येणारे-जाणारे मोबाइल काढून उभे राहत, “काकू, घ्या न एक, काकासोबत!” आणि प्रयागबाई घेई. आधी बघणाऱ्या दोन शेजारणी होत्या, आता अख्खा जिल्हा होता. जगाला दाखवीन म्हणाली होती पोरगी. दाखवलं.

प्रयागबाईनं मात्र एकदाही तक्रार केली नाही. ती प्रत्येक भाग उभ्यानं बघायची आणि संपला की विचारायची, “शेवटचं हाये न तसंच?”

मग नमराचं झालं. ती कॉलेजला वाशीमला जायची. मालेगावच्या स्टँडवर पोट्ट्यांचा एक कंपू एसटीच्या दारात आडवा उभा राहायला लागला. पोरगी चढायला आली की, नाव घे. आधी कोणाचंही घे, मग माझंच घे. कंडक्टर हसायचा. नमरा एक दिवस उखाणा न घेता उभी राहिली, तेव्हा पोरं म्हणाली, दारच लहान हाये. बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिची ओढणी दाराच्या दांडीला बांधली आणि बस सुटली. ती पडली, हाताचं हाड मोडलं, आणि पोरांनी काढलेला व्हिडिओ आडवेरावाचं संगीत लावून सगळीकडे फिरला. ते संगीत अमाननं बनवलेलं होतं.

अमान आला तो बसला नाही. “ताई, बंद करो इसको.”

“शेवटचा भाग होऊ दे, अमान. शेवटी तो हरतोच ना. तेच तर पोरांना दाखवायचं आहे.”

“पोट्टे शेवट नाई पाहत, ताई. जिस पे हँसे, वही याद रखा.” त्यानं आपला माइकचा स्टँड उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला. “ये रख लो. नमरा नाई येनार आता. मैं भी नाई.” दारात दौलतराव होते. त्यांनी त्याला अडवलं नाही, उलट अदबीनं बाजूला झाले.

वैष्णवी रडली, हे खरं आहे. शेवटचा भाग लवकर करून सगळं संपवायचं असं तिनं ठरवलं, हेही खरं आहे. पण त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीतल्या साधना मॅडमचा फोन आला. त्यांना सिरीज आवडली होती, पुढचे सगळे भाग काढायला त्या तयार होत्या. वैष्णवीनं शेवट सांगितला. मॅडम ऐकून घेऊन म्हणाल्या, “छान आहे. पण किल्लीच्या भोकातून गेला की आपल्याकडे उरतं काय? बायका उभ्या आहेत. उभ्या बायका कोण बघतं, वैष्णवी?”

तिनं विचार करायला वेळ मागून घेतला. सकाळी पाटी पुढ्यात घेऊन बसली आणि जेवायच्या वेळेपर्यंत नवा शेवट लिहून झाला होता. माय उभी राहते, दुपार होते, आडवेराव बारीक होऊ लागतो, काठीएवढा होतो, बघणाऱ्याला वाटतं आता गेला. आणि तेवढ्यात माय नाव घेते. आडवेराव पुन्हा दाराएवढा होतो. उखाणाही तिला एका बैठकीत सुचला, आणि तो चांगला होता, हे तिचं तिला कळलं. लिहून झाल्यावर ती पोटभर जेवली. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, “शेवटचं हाये न तसंच?”

“आहे,” वैष्णवी म्हणाली.

नमरा नव्हती, तेव्हा मायचा आवाज वैष्णवीनं स्वतः काढून पाहिला. उखाणा मराठीच्या पेपरात विचारल्यासारखा वाटला. पुण्याहून आलेल्या जिभेवर तो बसेना, आणि बसणार तरी कसा, तिला जन्मात कोणी दारात अडवलेलं नव्हतं. दोन-तीन मुली बोलावल्या, त्या लाजल्या. शेवटी दौलतरावच म्हणाले, “कायले हिंडून राह्यली? घरात हाये न. तुया मायएवढं पाठ कोनाले हाये?”

प्रयागबाई हात पुसत पोत्यांच्या खोलीत आली. तिला वाटलं, चहा पाहिजे. खुर्चीवर बसवल्यावर ती अवघडली, आणि आपल्याला मायचं काम करायचं आहे हे कळल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. “उभी राह्याचं तेच न?” ती म्हणाली. “मंग बसून कायले करू?” आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली.

वैष्णवीनं माइक वर केला. “आधी आवाज बघू, आई. नुसतं म्हण, आडवेरावांचं.”

“आडवेरावांचं.” जीभ अडखळली. तीस वर्षं त्या जागी दुसरंच नाव होतं. “आडवेरावांचं. आडवेरावांचं. जमते का?”

“जमतं. आता ऐक. ती बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते...” आणि वैष्णवीनं कागदावर पाहून उखाणा वाचला.

प्रयागबाईला आधी समजलं नाही. मग समजलं. ती लेकीकडे बघत राहिली. “ते तं घेत नाई म्हने.”

“बदललं थोडं, आई. पुढे अजून भाग करायचे आहेत. पुढे कधीतरी ती नाही घेणार.”

“पुढं कधी?”

दौलतराव दुसऱ्या माइकसमोर बसले होते. ते मऊ आवाजात म्हणाले, “बाईसाहेब, नाव घे.” ते आडवेराव म्हणून बोलले की नवरा म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रयागबाई उभी राहिली.  कॉम्प्युटरवर तिच्या गप्प राहण्याची सरळ रेघ पुढे सरकत होती, आणि वैष्णवी त्या रेघेकडे बघून मनात म्हणत होती, वा, नमराला एवढं थांबणं जमलं नसतं. रेघ लांबत गेली. प्रयागबाईनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार मोकळं होतं; दौलतराव खुर्चीत होते. पाच पावलं चालली असती तर ती बाहेर गेली असती, आणि कोणी धरलं नसतं. पण जायचं की नाही ते तिला लेकीच्या तोंडाकडे बघून ठरवायचं होतं, म्हणून तिनं वैष्णवीकडे पाहिलं.

“घे ना, आई,” वैष्णवी म्हणाली. “रेकॉर्डिंग चालू आहे.”

प्रयागबाईनं पदर सारखा केला. लेकीवरची नजर काढली नाही. आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात घेतलं:

“चुलीवर तवा, तव्यावर भाकर,
वैष्णवीबाईंचं नाव घेते, मी त्यांची चाकर.”

दौलतरावांना इतकं हसू आलं की खुर्ची करकरली. “लेकीचं घेतलं! अरे बाप्पा, लेकीचं घेतलं!” त्यांनी मांडीवर थाप मारली. वैष्णवीचे कान तापले. कोणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसं तिला झालं, आणि मारणाऱ्याचा हात तर नुसता पदर सारखा करत होता.

“आई, परत एकदा. नाव चुकलं.”

“घेतलं न एक डाव,” प्रयागबाई म्हणाली. “आता जाऊ दे मले घरात.” आणि ती गेली.

 वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं. मग हेडफोन घातले आणि ऐकलं. टेक सुंदर होता. तो थांबलेला वेळ, तो श्वास, ‘चाकर’वर आवाज जरासा खाली जाणं, असं पुन्हा कोणी देणार नव्हतं. एकच शब्द नडत होता. आणि आवाज तपासताना आई ‘आडवेरावांचं’ म्हणालेली, ते सगळं रेकॉर्ड झालेलं होतं. तिसऱ्या वेळचं बरोबर बसलं. वैष्णवीनं आपलं नाव कापलं, तिथे ते लावलं, दोन्हीकडचे काठ घासून सारखे केले. सांधा तिचा तिलाही ऐकू येईना. असं काम अमाननंही केलं नसतं, तिला वाटलं, आणि वाटलं त्याचं तिला बरंही वाटलं.

शेवटचा भाग दौलतरावांनी पुढच्या खोलीत टीव्हीवर लावला. गल्ली जमली होती, रुखमाबाई आता थकल्या होत्या तरी काठी टेकत आल्या होत्या. आडवेराव काठीएवढा झाला तेव्हा पोरं गप्प झाली. मग मायचा आवाज आला, आडवेरावांचं नाव घेते, मी त्यांची चाकर, आणि घर हसण्यानं दणाणलं. रुखमाबाई हसता हसता खोकल्या. दौलतराव उठून दारात उभे राहिले आणि सगळ्यांना हात जोडले.

प्रयागबाई स्वयंपाकघराच्या तोंडाशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. ट्रे घेऊन ती परत आत गेली, तो ओट्यावर ठेवला. वैष्णवी मागोमाग आली.

“हे म्या म्हटलं?” प्रयागबाईनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच आठवून पाहायचं होतं. “म्या तं दुसरं म्हटलं होतं.”

“जोडलं, आई. कॉम्प्युटरवर जोडता येतं.”

“तोंडातलं काढून दुसरं घालता येते?”

“येतं.”

 बाहेर लोक तो उखाणा पुन्हा लावा म्हणून ओरडत होते.

“मंग मले बोलावलं काहून?”

“तुझ्यासारखा आवाज कोणाचाच नाही, आई,” वैष्णवी म्हणाली, आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली.